साक्ष कुणाची मानायची? सर्च रँकिंगची पार्श्वभूमी

साइट गूगलवर वर कशी आणायची, हे विचारणाऱ्याने आधी एक पाहावं: सर्च इंजिन आजवर कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत आलं आहे?

सुरुवातीला ते पानाच्याच शब्दावर विसंबून होतं. डिसेंबर १९९५मध्ये आलेलं अल्टाव्हिस्टा हे सर्च इंजिन पानावरचा मजकूर तपासायचं आणि एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान ज्या सांकेतिक भाषेत बांधलं जातं तिच्यात, लिहिलेला ‘कीवर्ड्स’ टॅगही; पान कशाबद्दल आहे हे सांगणारे शब्द साइटवाला स्वतःच त्यात लिहायचा. हे कळायला साइटवाल्यांना वेळ लागला नाही. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत एकच शब्द शंभरदा लिहिला जाऊ लागला. वाचणाऱ्याला खालची जागा कोरी दिसायची. माउसने सिलेक्ट केली की निळ्या पट्ट्यात शब्दांची रांग उघडी पडायची.

स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी यावर उपाय शोधला तो विद्यापीठाच्याच रिवाजातून. शोधनिबंधाचं वजन ठरतं ते इतर किती अभ्यासक त्याचा हवाला देतात यावरून. पानाला मिळालेली लिंक म्हणजे तसाच हवाला. पण सगळे हवाले सारखे नसतात. ज्या पानाला स्वतःला मान आहे त्याची लिंक जास्त मोलाची, आणि त्याने दहा जणांना लिंक दिली तर ते मोल दहांत वाटलं जाणार. हाच पेजरँक. १९९८मध्ये गूगल कंपनी उभी राहिली ती याच्या बळावर. माझ्या मते वेबच्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर कल्पना आहे, कारण तिने पानाच्या स्वतःच्या बढाईपेक्षा इतरांच्या साक्षीला मोल दिलं.

पुढे साक्षीही विकत मिळू लागल्या. एकमेकांना लिंक देण्यासाठीच शेकडो साइट उभ्या राहिल्या, ब्लॉगांखालच्या प्रतिक्रियांत जाहिराती ओतल्या गेल्या. २००५मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून लिंकला लावायची ‘नोफॉलो’ ही खूण आणली. ती लावलेली लिंक हवाला म्हणून धरायची नाही. फेब्रुवारी २००६मध्ये गूगलने बीएमडब्ल्यूची जर्मन साइट थेट निकालांतून काढून टाकली, कारण ती सर्च इंजिनाला एक पान दाखवत होती आणि माणसाला दुसरंच. २०११मध्ये गूगलच्या क्रम लावण्याच्या पद्धतीतला ‘पांडा’ हा बदल (अपडेट) आला तो उथळ मजकुराविरुद्ध. हे नाव प्राण्यावरून नाही, नवनीत पांडा या इंजिनियरच्या आडनावावरून आहे. एप्रिल २०१२मधल्या ‘पेंग्विन’ अपडेटने विकतच्या लिंकांवर घाव घातला.

मराठीची अडचण मात्र याच्याही आधीची होती. आपल्या पानांचा शब्दच यंत्राला वाचता येत नव्हता. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या सामाईक पद्धतीत, देवनागरी १९९१पासून होती, पण मराठी वृत्तपत्रांच्या सुरुवातीच्या अनेक साइट आपापल्या फॉन्टवर चालत; त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असत. पडद्यावर स्वच्छ ‘महाराष्ट्र’ दिसे. तोच शब्द कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गुंता हाती येई. सर्च इंजिनाला दिसायचा तो हा गुंता. वाचकाने देवनागरीत कितीही अचूक शब्द टाकला तरी ते पान त्याच्यासमोर येणं शक्य नव्हतं.

विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये देवनागरीची सोय आली, मे २००३मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि हळूहळू साइट युनिकोडवर आल्या. पण नव्या साइटवर जाताना जे जुने अंक, अग्रलेख, मुलाखती कुणी रूपांतरित केल्या नाहीत, त्या सर्व्हरवर शाबूत असल्या तरी आजही मराठी शोधात सापडत नाहीत.