कोत द्यू रोन : चव कशी, सोबत काय खावं

‘कोत द्यू रोनच्या बाटलीवर द्राक्षाचं नावच नाही, मग ही मिसळ केलेली, म्हणजे कमी प्रतीची वाइन का?’ असं आमचे बरेच ग्राहक विचारतात. तसं मुळीच नाही. ही वाइन जिथली, त्या फ्रान्सच्या दक्षिणेला, आव्हिन्यों शहराच्या आसपास रोन नदीच्या खोऱ्यात लाल वाइन बहुतेक वेळा दोन-तीन वाण एकत्र करूनच होते. जवळच्याच शातोनफ द्यू पाप या वाइनला तर १९३६ पासूनच्या नियमांनी तब्बल १३ वाणांची मुभा आहे.

ग्रनाश हा इथला मुख्य वाण. तो कडक उन्हात मस्त पिकतो, साखर भरपूर धरतो, त्यामुळे वाइन भरदार होते आणि तिला स्ट्रॉबेरी-रास्पबेरीसारखा वास येतो. पण त्याची साल पातळ, रंग फिका, आणि हवा लागली की चव लवकर उतरते. ती उणीव सिरा भरून काढतो. नाशिककडे ‘शिराझ’ म्हणून लावतात, तो हाच वाण. गडद जांभळा रंग, जिभेवर जाणवणारा तुरटपणा आणि मिऱ्याचा वास त्याच्याकडून येतो. हा वास नुसता भास नाही. मिऱ्यात असणारा रोटंडोन नावाचा घटकच शिराझच्या द्राक्षातही असतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. तिसरा मूर्वेद्र, उशिरा पिकणारा, कडक, थोडा चामड्यासारखा वास असलेला. तो थोडाच घालतात, पण वाइनला कस त्याच्यामुळे येतो.

या भागात मिस्त्राल नावाचा कोरडा वारा उत्तरेकडून जोरात वाहतो. पाऊस झाला तरी घड चटकन सुकतात आणि बुरशी कमी धरते. डावणी या बुरशीरोगाच्या धास्तीत रात्र काढणाऱ्या आपल्याकडच्या बागायतदारांना या वाऱ्याचं मोल वेगळं सांगायला नको.

आता जेवणाचं. या वाइनला स्निग्ध आणि खारट पदार्थ मानवतात. मटणाचा चरबीवाला तुकडा खाऊन वर घोट घेतलात, की मघाशी जिभेला कोरडं करणारा तुरटपणा एकदम मऊ लागतो. तुरटपणा देणारं टॅनिन मांसातल्या प्रथिनांना धरतं, म्हणून असं होतं. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये बीफ वाइनमध्ये तासन्‌तास मंद शिजवून ‘दोब’ करतात, त्याबरोबर ही वाइन ठरलेलीच. थाइम-रोझमेरी लावून भाजलेलं मटण, काळे ऑलिव्ह, वांगी-टोमॅटो-ढोबळी मिरचीचा रातातुई, मुरलेलं चीज, सगळ्यांशी तिचं जमतं.

आपल्या घरी आमची पहिली शिफारस भरली वांगी. दाण्याचा कूट, खोबरं आणि गोडा मसाला हे सिराच्या मिरमिरीत वासाशी सुरेख जुळतं. कमी तिखटाचं सुकं मटणही छान. तांबड्या रश्श्याबरोबर मात्र घेऊ नका. अल्कोहोलमुळे तिखटाची आग आणखी भडकते आणि वाइन कडू लागते. नाजूक माशांनाही ती झाकून टाकते.

‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला तिकडच्या गार घरांसाठी आहे. मे महिन्यात पुण्यात खोली ३५ अंशांवर जाते, तिथे तशीच ओतली तर नाकात फक्त अल्कोहोल शिरतं. बाटली दोनेक तास फ्रिजमध्ये ठेवा. साधारण १६ अंशांना ती खुलते. ग्लास तिसरा हिस्साच भरा, म्हणजे वास घ्यायला जागा राहते.

महागाच्या शातोनफपेक्षा रोजच्या जेवणाला साधी कोत द्यू रोनच घ्या, असं आम्ही मनापासून सांगतो. बाटलीवर पुढे ‘व्हिलाज’ असेल, तर त्या वाइनचे नियम जास्त कडक असतात, चवही बहुधा जास्त दाट असते. उरलेली वाइन बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. त्यानंतर ती मटण शिजवताना वापरायला उत्तम.