दडी मारलेला पिवळा मासा

पिशवीतून घरातल्या समुद्री माशांच्या टाकीत सोडला आणि डोळ्याचं पातं लवतंय तोवर तो वाळूत गेला. सूर मारावा तसा, डोकं खाली घालून. बोटाएवढा, हळदीसारखा पिवळाधमक येलो कोरिस. पुढचे चार दिवस शेपटीचं टोकही दिसलं नाही. मेला असणार, वाळू उकरून बघ, असा घरच्यांचा धोशा. शेवटी दुकानदारांना फोन लावला. ते म्हणाले, "उकराल तर खरंच मरेल. राहू द्या त्याला."

बरोबर होतं त्यांचं. येलो कोरिस रॅस कुळातला. या कुळातल्या बऱ्याच जाती रोज रात्री वाळूत शिरून झोपतात आणि दिवसा घाबरल्या तरी तिथेच पळतात. त्यात हा समुद्रातून पकडून, अंधाऱ्या खोक्यातून, विमानाने आलेला. दिवस कधी उगवतो हे त्याच्या शरीरातल्या घड्याळाला नव्याने जुळवून घ्यावं लागतं.

आपण अशा माशाला 'बुजरा' म्हणून मोकळे होतो. पण प्रवाळात राहणाऱ्यांचं अर्धं आयुष्य कपारीच्या तोंडाशीच जातं. फायरफिश बघा: पुढून पांढरट, मागे लालभडक, पाठीवर काडीसारखा लांब पर. आपल्या बिळाच्या वरच, प्रवाहाकडे तोंड करून तो तरंगत राहतो आणि वाहत येणारे बारीक जीव टिपतो. सावली हलली की सरळ बिळात. टाकीत बीळ नसेल तर घाबरून उडी मारतो आणि सकाळी फरशीवर सापडतो. गंमत अशी की लपायच्या जागा जास्त असल्या की हाच मासा जास्त वेळ बाहेर दिसतो. आणि नवखे लोक नेमकं उलट करतात: मासा दिसत नाही म्हणून दगड काढून घेतात!

लपण्यातली सगळ्यात देखणी भागीदारी गोबी मासा आणि पिस्तूल कोळंबीची. कोळंबीची नजर अगदीच अधू, पण बीळ खणण्यात ती तरबेज. बुलडोझरसारखी वाळू ढकलत ती बाहेर येते, तेव्हा तिची एक मिशी कायम गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबी दारात पहारा देतो. धोका दिसला की शेपटी थरथरवतो आणि कोळंबी झटकन बिळात मागे सरकते. तेवढ्यावर भागलं नाही, तर तिच्या मागोमाग गोबीही डोकं खाली घालून आत. आता अशा माशाला भित्रा कसं म्हणायचं? तो तर नोकरीवर असतो.

तरी काही भीती आपणच घालतो. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो, आणि माशाच्या दोन्ही कुशींवर पाण्याची बारीकशी हालचालही टिपणारी पार्श्वरेषा असते. पाहुण्यांच्या पोरांनी काचेवर टकटक केली की आत काय होत असेल, याची कल्पना करा. काळोखात एकदम लावलेला झगझगीत दिवाही तसाच.

स्वभावाचाही भाग आहे. अमेरिकेत डेव्हिड स्लोन विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये गोड्या पाण्यातल्या पम्पकिनसीड माशांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपणहून सापळ्यात शिरणारे मासे धीट आणि ओढजाळ्यानेच हाती लागणारे बुजरे, असे दोन गट त्यांनी धरले. प्रयोगशाळेत आणल्यावर धीट मासे लवकर खायला लागले. पण एकेकटे ठेवल्यावर हा फरक दिसेनासा झाला! म्हणजे बुजरेपणा नुसता माशात नसतो, शेजारपाजाऱ्यांतही असतो. टाकीत एखादा डॅमसेलसारखा दांडगा मासा असेल, तर दोष लपणाऱ्याचा नाही.

काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टींची. आजवर मोकळा फिरणारा मासा अचानक कोपऱ्यात गेला, कल्ले भराभर हलू लागले, रंग उतरला, अंगावर मिठाच्या दाण्यांसारखे ठिपके आले, तर आधी पाण्यातलं अमोनिया आणि क्षारता तपासा. ताण लांबला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढंच राहतं, भूक मंदावते, रोगप्रतिकारशक्ती घटते आणि परजीवींचं फावतं.

आमचा कोरिस पाचव्या दिवशी सकाळी आपला आपण बाहेर आला आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात दगड टोचू लागला. आता संध्याकाळी टाकीचा दिवा जायच्या अर्धा तास आधीच तो झोपायला जातो, रोज त्याच कोपऱ्यात.