जागा आहे, पण बांधाला लागून नाही

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हा पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षांची गोडी छाटणी चालू होती. छाटणी उरकल्यावर माझा बागायतदार मित्र लॅपटॉप घेऊन नाशिकला आला. विंडोज ११ टाकायला घेतलं, तर जागा अपुरी. सी ड्राइव्ह १०० जीबीचा, काठोकाठ भरलेला. ३६५ जीबीचा डी मात्र निम्म्याहून जास्त मोकळा.

"एकाच डिस्कवर आहेत ना दोन्ही? मग इकडची जागा तिकडं दे की."

अपग्रेडला जागा लागते, कारण नवी सिस्टीम आली तरी जुनी लगेच जात नाही. माघारी फिरता यावं म्हणून ती ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डरमध्ये दहा दिवस राहते. एका खोलीत दोन बिऱ्हाडं.

डीमधून ५० जीबी कापले. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’ खिडकीत काळी पट्टी उमटली: अनअलोकेटेड, म्हणजे कुणाच्याच नावावर नसलेली जागा. सीवर राइट क्लिक केलं, तर ड्राइव्ह वाढवायचं ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट, दाबलंच जाईना.

सी, डी हे डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशनं. पार्टिशन ही मुळात सातबाऱ्यासारखी नोंद आहे. डिस्कच्या सुरुवातीच्या तक्त्यात प्रत्येक पार्टिशन कुठल्या सेक्टरपासून (डिस्कच्या छोट्या कप्प्यापासून) कुठवर, हे लिहिलेलं असतं. जुन्या एमबीआर तक्त्यात अशा चारच मुख्य नोंदी मावत. नव्या जीपीटी तक्त्यात विंडोज १२८ ठेवू देतं. पण दोन्हीकडे पार्टिशन सलगच लागतं. सी वाढवायचा तर त्याच्या शेवटाला लागून मोकळी जागा हवी. आमचे ५० जीबी निघाले डीच्या पार टोकाला, आणि सी-डीच्या मधे ५०० एमबीचं रिकव्हरी पार्टिशन, विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी राखलेलं.

"मधी दुसऱ्याचं वावर आहे म्हण की!" अगदी तेच.

(हे छोटं वावरही कमी पडतं बरं का. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटला त्यात २५० एमबी मोकळी जागा हवी होती. ती नसल्याने कित्येकांकडे ते अपडेट अडकलं.)

म्हणजे आधी डी आणि मग हे मधलं पार्टिशन पुढे सरकवायला हवं. त्याला तक्त्यातला आकडा बदलून भागत नाही. कुठली फाइल कुठे आहे याचा हिशेब ठेवणारी फाइलसिस्टीम आपलं मोजमाप पार्टिशनच्या सुरुवातीपासून करते, म्हणून आतलं सगळं उचलून पुढे न्यावं लागतं. जीपार्टेड हे पार्टिशन सरकवणारं सॉफ्टवेअर हे करतं, पण तासन्‌तास लागतात, आणि मधेच लॅपटॉप बंद पडला तर डेटा जाऊ शकतो. मित्राच्या डीवर सहा हंगामांच्या फवारणीच्या नोंदी होत्या. त्या आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्या, चार फाइली तिथून उघडूनही पाहिल्या. मगच चार्जर लावून रात्री काम सुरू केलं.

सकाळी सी १५० जीबीचा झाला होता. दुपारपर्यंत विंडोज ११ आलं. मित्राने सगळ्यात आधी फवारणीची वही उघडली आणि शेवटच्या तारखेपर्यंत खाली उतरत गेला.