शेलचा कोअर पाठवण्याआधी: सच्छिद्रतेचा आकडा एकटा वाचू नका

शेल म्हणजे पातळ थरांचा, चिकणमातीचा घट्ट खडक; कोअर म्हणजे विहिरीतून काढलेला त्याचा दंडगोल तुकडा. तो तपासायला आमच्या प्रयोगशाळेकडे येतो, तेव्हा मागणीपत्रात बहुतेक वेळा एकच ओळ असते: 'सच्छिद्रता (दगडात रिकामी जागा किती) काढून द्या.' देतो, पण शेलमध्ये तो आकडा निम्मीच गोष्ट सांगतो. इथे काही गॅस छिद्रांत मोकळा असतो, तर काही छिद्रांच्या भिंतींना चिकटलेला. छिद्रं जितकी बारीक, तितका तेवढ्याच पोकळीत भिंतींचा पृष्ठभाग जास्त. मिथेनचा रेणू जेमतेम ०.३८ नॅनोमीटरचा असल्याने २ नॅनोमीटरखालची छिद्रंही धरावीच लागतात.

ती छिद्रं कशात आहेत, हे आम्ही आधी पाहतो. जैव पदार्थ पक्व होऊन तेल-गॅस सुटतो, तेव्हा त्याच्या आतच छिद्रं पडतात आणि मिथेन तिथे चांगला धरला जातो. चिकणमातीच्या खनिजांतही पृष्ठभाग भरपूर, पण ती जागा पाण्याने आधीच अडवलेली असते. म्हणून मातकट शेल वाळवून तपासला की झकास दिसतो आणि विहिरीत निराशा करतो.

क्वार्ट्झ जास्त म्हणजे शेल चांगला, हा समज मात्र अर्धवट आहे. नदीने वाहून आणलेल्या क्वार्ट्झबरोबर जैव पदार्थ वाढेलच असं नाही. रेडिओलॅरिया (समुद्रातले सूक्ष्मजीव) आणि स्पंज यांच्या सांगाड्यांतून आलेली सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ ज्याचा बनतो तो पदार्थ, वेगळी: ती लवकर घट्ट होते, दगडाला ताठ चौकट मिळते आणि वरच्या थरांच्या भाराखाली जैव पदार्थातली छिद्रं चेपत नाहीत. चीनच्या सिचुआन खोऱ्यातल्या लाँगमाशी शेलचे खालचे थर असेच आहेत. क्ष-किरण विवर्तनात (खनिजं ओळखायच्या चाचणीत) दोन्ही क्वार्ट्झ सारखेच दिसतात, त्यामुळे पातळ छेदाचा (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या दगडाच्या पातळ चकतीचा) आग्रह आम्ही सोडत नाही. चुनखडीयुक्त शेल ठिसूळ, म्हणजे गॅससाठी फोडायला सोपा, असतो खरा, पण कॅल्साइटने छिद्रं बुजलेली नाहीत ना, तेवढं पाहावं.

भारतात शेलमधून पहिल्यांदा गॅस आला तो जानेवारी २०११ मध्ये, दुर्गापूरजवळच्या ओएनजीसीच्या विहिरीत. तो गोंडवनातला, म्हणजे जमिनीवर नदी-तळ्यांत साचलेल्या कोळशाच्या थरांबरोबरचा शेल; समुद्रातल्या शेलवर बेतलेले निकष त्याला जसेच्या तसे लावू नयेत. (वरळी-मलबार हिलच्या बेसॉल्टमधल्या शेलबद्दल विद्यार्थी विचारतात. बेडकांच्या जीवाश्मांसाठी तो जरूर पाहा; गॅससाठी नको.)

छिद्रं मोजायला त्यांत वायू चिकटवतात किंवा पारा दाबून भरतात; एक पद्धत पुरत नाही. २ नॅनोमीटरखाली ० अंशावरचा कार्बन डायऑक्साइड, त्यावर सुमारे ५० पर्यंत उणे १९६ अंशांचा नायट्रोजन, त्याहून मोठ्यांसाठी पारा. पारा ६०,००० पीएसआय दाबाखालीही साधारण ३ नॅनोमीटरपर्यंतच शिरतो आणि छिद्राचं तोंड मोजतो, पोट नाही. खर्च एकाच चाचणीचा झेपत असेल तर नायट्रोजन घ्या. एकूण जैव कार्बन मात्र वगळू नका.

मुंबईच्या पावसाळ्यात चिकणमाती हवेतलं पाणी ओढते. कोअर काढल्याबरोबर प्लास्टिक फिल्म, वर फॉइल आणि त्यावर मेण असा बंद करा. वेष्टनावर खोली लिहा, वरची बाजू कोणती ते बाणाने दाखवा. पार्यता (दगडातून वायू-द्रव वाहू देण्याची क्षमता) थराला समांतर आणि थराच्या आरपार मोजली तर मोठा फरक पडतो.