‘सपोर्टेड’ पायथन म्हणजे नेमकं कोणतं?

एकाच कोडच्या टेस्ट पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या चार-पाच आवृत्त्यांवर चालवायची सवय लागली ती पायथन ३ मुळे. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या ३.० ने जुन्या कोडशी मुद्दाम फारकत घेतली. आधीचा सल्ला होता, २ मध्ये लिहा आणि आपोआप रूपांतर करून घ्या. लायब्ररी सांभाळणाऱ्यांना ते जमेना. दोन्हीकडे चालणारा एकच कोड त्यांना सोयीचा वाटला. टॉक्स हे अनेक आवृत्त्यांवर टेस्ट चालवणारं साधन रुळलं ते याच काळात. त्याच्या यादीत पीवाय२७, पीवाय३३ (म्हणजे पायथन २.७, ३.३) लिहायचं. प्रत्येकासाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (बाकीच्यांपासून अलग पायथन) बनून त्यात पॅकेज इन्स्टॉल होतं, मग टेस्ट. पॅकेजमध्ये एखादी फाइल घ्यायची राहिली असेल तर तीही इथेच सापडते. पुढे सीआयने, म्हणजे कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेने, आवृत्त्यांचा हाच मॅट्रिक्स (यादी) सर्व्हरवर नेला.

२.७ ची मुदत २०१५ वरून २०२० वर गेली आणि अखेर संपली. तरी यादी आटोपशीर झाली नाही, कारण ३.९ पासून दर ऑक्टोबरला नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला साधारण पाच वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. २०२१ मध्ये ३.१० आली तेव्हा सीआयच्या सेटिंग्ज ज्यात लिहितात त्या यामल फाइलींनी अनेकांना गाठलं: अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेलं ३.१० हे दशांश संख्या म्हणून वाचलं जाई आणि सीआय ३.१ शोधत बसे.

खरा गुंता ‘सपोर्ट’ या शब्दात आहे. इन्स्टॉल होतं, टेस्ट पास होतात आणि बग आला तर दुरुस्त करू, या तिन्हींना आपण सपोर्टच म्हणतो. २०१६ पासून पॅकेज बसवणारा पिप ‘रिक्वायर्स-पायथन’, म्हणजे पॅकेजला कोणत्या पायथन आवृत्त्या चालतात ही नोंद, पाळू लागला. त्यातल्या खालच्या मर्यादेवर वाद नाही. तिच्यामुळेच प्रकल्पांना जुन्या वापरकर्त्यांचं काही न मोडता २.७ सोडता आलं. वाद वरच्या मर्यादेचा. ‘३.१३ पर्यंतच तपासलंय, म्हणून ३.१४ पेक्षा कमी’ हे प्रामाणिक वाटतं. पण ३.१४ वर बसलेला पिप पॅकेजचं ते रिलीज नाकारून मागे मागे जातो आणि मर्यादा न घातलेलं जुनं रिलीज सापडलं की तेच बसवतो. म्हणजे वापरकर्त्याच्या हाती आणखी जुना, ३.१४ वर कधीच न चाललेला कोड पडतो! शिवाय पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या लॉक करणारी काही साधनं तुमच्यावर अवलंबून असलेल्या प्रकल्पांनाही तीच मर्यादा घालायला लावतात. बाइटकोडशी (पायथन कोडच्या आतल्या रूपाशी) थेट खेळणाऱ्या पॅकेजांना ती लागते, हे मान्य. बाकीच्यांनी ती घालू नये, असं माझं ठाम मत आहे. काय तपासलंय ते क्लासिफायरमध्ये (पॅकेजच्या माहितीतल्या खुणांमध्ये) लिहावं आणि मे महिन्यात नव्या आवृत्तीचा बीटा, म्हणजे चाचणीसाठीचं रूप, आला की तो मॅट्रिक्समध्ये घ्यावा, फेल झाला तरी बिल्ड अडणार नाही अशा बेताने. ऑक्टोबरपर्यंत पाच महिने हातात मिळतात. ३.१२ मधून पॅकेज बांधणारं जुनं डिस्टयुटिल्स मॉड्यूल गेलं तेव्हा असा बीटा चालवणाऱ्यांना ते आधीच कळलं होतं.

२०२४ च्या ३.१३ पासून जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारं कुलूप) नसलेली वेगळी बिल्डही मिळते. सी एक्स्टेंशन (सी भाषेत लिहिलेला भाग) असलेल्या पॅकेजांना तिच्यासाठी स्वतंत्र व्हील (बसवायला तयार पॅकेज-फाइल) बांधावं लागतं, म्हणून काही याद्यांत ३.१४ च्या खाली आता ३.१४टी अशीही एक ओळ असते.