डिस्ने टेलिव्हिजन ॲनिमेशन

वॉल्ट डिस्ने कंपनीचा टीव्हीसाठी ॲनिमेशन मालिका बनवणारा विभाग. स्थापना १९८४, कॅलिफोर्निया.

डिस्नेची कार्टून त्याआधीही टीव्हीवर दिसत, पण ती बहुतेक चित्रपटगृहांसाठी काढलेलीच असत. दर आठवड्याला नवा भाग आणि तोही थोडक्या पैशांत काढायचा, तर चित्रे कमी करावी लागतात. मागची तीच झाडे पुन्हा पुन्हा सरकतात आणि पात्राचे फक्त ओठ हलतात. हॅना-बार्बेरा या अमेरिकी कार्टून स्टुडिओने याच काटकसरीवर शनिवार सकाळची मुलांच्या कार्टूनची वेळ ताब्यात घेतली होती. डिस्ने मात्र त्या वाटेला गेली नव्हती. १९८४ च्या सप्टेंबरात मायकेल आइस्नर कंपनीचे प्रमुख झाले आणि धोरण पालटले. विभागाची सूत्रे गॅरी क्रायसेल यांच्याकडे आली. १४ सप्टेंबर १९८५ या एकाच शनिवारी दोन मालिका सुरू झाल्या. सीबीएस या वाहिनीवरची ‘वझल्स’ वर्षभरात आटोपली, तर एनबीसी वाहिनीवर सुरू झालेली ‘गमी बेअर्स’ १९९१ पर्यंत टिकली. ‘गमी बेअर्स’ची कल्पना आइस्नर यांना मुलाच्या खाऊवरून सुचली होती.

खरी बाजी मारली ती १९८७ च्या ‘डकटेल्स’ने. कार्ल बार्क्स यांच्या कॉमिक्समधला महाकंजूष स्क्रूज मॅकडक, त्याची नाण्यांनी भरलेली तिजोरी आणि तीन भाचे (खरे तर भाच्याचे भाचे) असा हा मामला. स्क्रूज नाण्यांच्या ढिगात सूर मारून विहिरीत पोहावे तसा पोहतो. अशा दृश्यासाठी हात राखून पैसा खर्च करून चालत नाही. कथा, स्टोरीबोर्ड (दृश्यांचा चित्रमय आराखडा) आणि आवाज अमेरिकेत होत. सुरुवातीच्या भागांचे चित्रांकन मात्र टोकियोतल्या टीएमएस स्टुडिओत झाले. पडद्यावरची श्रेयनामावली कोण वाचतो म्हणा!

या धंद्यात ६५ या आकड्याला फार महत्त्व होते. सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग, असे तेरा आठवडे चालले की ६५ होतात. एवढा साठा असला की वेगवेगळ्या स्थानिक टीव्ही केंद्रांना मालिका विकता येई आणि पुनःप्रक्षेपणही भागे. याच हिशेबावर १९९० मध्ये ‘डिस्ने आफ्टरनून’ हा दोन तासांचा रोजचा पट्टा उभा राहिला. तो १९९७ पर्यंत चालला.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात ‘डकटेल्स’ आणि ‘टेलस्पिन’ रविवारी दूरदर्शनवर आल्या. मराठी घरांतल्या मुलांनीही त्या हिंदीतूनच पाहिल्या. त्याच काळातली मोगलीची मालिका अनेक जण आजही डिस्नेच्या खात्यात टाकतात. ती जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची. तिच्यातला शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजात गुरगुरायचा. डिस्नेच्या ‘टेलस्पिन’मधला शेरखान मात्र सूट घालून उद्योगसमूह चालवायचा आणि बल्लू मालवाहू विमान उडवायचा. हंगेरीत १२ डिसेंबर १९९३ रोजी पंतप्रधान योझेफ अंताल यांचे निधन झाले, तेव्हा टीव्हीवर चालू असलेला ‘डकटेल्स’चा भाग मध्येच थांबवला गेला. तिथे त्या वयाच्या पिढीला आजही ‘डकटेल्स पिढी’ म्हणतात.

१९९४ मध्ये ‘अल्लादीन’चा पुढचा भाग थेट व्हिडिओ कॅसेटवर आला. तो खपला, आणि गाजलेल्या चित्रपटांना शेपट्या जोडण्याचा सपाटा सुरू झाला. त्यांतल्या बहुतेकांनी मूळ चित्रपटाची लाज राखली नाही. त्याच वर्षीची ‘गार्गॉइल्स’ ही गंभीर, अंधारी मालिका मात्र विभागाच्या उत्तम कामांपैकी एक.

पुढे कंपनीची स्वतःची डिस्ने वाहिनीच या मालिका दाखवू लागल्यावर स्थानिक केंद्रांची गरज उरली नाही. ‘किम पॉसिबल’ (२००२) ६५ वर थांबणार होती, पण प्रेक्षकांच्या आग्रहाने ८७ भागांपर्यंत गेली. ‘फिनिअस अँड फर्ब’ने (२००७) शंभरी कधीच ओलांडली. उलट ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’ ऐन भरात असताना कर्ता ॲलेक्स हर्श यानेच २०१६ मध्ये ४० भागांवर संपवली.