खाजगी मातीचे तलाव (मराठवाडा) : स्थिती व सुरक्षा

शेतकऱ्याने किंवा दोन-चार भाऊबंदांनी मिळून स्वतःच्या रानात, नाल्यावर किंवा दोन टेकाडांच्या बेचक्यात मातीचा भराव घालून केलेला छोटा पाणीसाठा. बोलीत त्याला तळं किंवा नुसता बांध म्हणतात. खड्डा खणून प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे वेगळे. तिथे पाणी बहुतेक जमिनीखाली असते. इथे ते भरावाच्या आधाराने जमिनीच्या वर उभे असते, त्यामुळे धोका आहे तो भरावाला.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना ठरावीक अटी पुऱ्या होत असतील तरच. पाच-सहा मीटरचा खाजगी बांध त्यात येत नाही, म्हणजे तपासनीस म्हणून उरतो तो मालकच. साठा मात्र किरकोळ नसतो. एक हेक्टर पसारा आणि सरासरी दोन मीटर खोली धरली तरी २० हजार घनमीटर, म्हणजे २० हजार टन पाणी होते. एवढे पाणी तासा-दीड तासात नाल्याने सुटले, तर खालच्या विहिरी बुजतात, मोटारी वाहून जातात, जमीन खरडून मुरूम उघडा पडतो आणि नाल्याकाठच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, माणसे झोपलेली असतात.

माती आणि पाऊस, दोन्ही इथे बांधाच्या वाईटावर असतात. बेसाल्ट झिजून झालेली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तळे उन्हाळ्यात कोरडे पडते, मे महिन्यात माथ्यावरच्या भेगेत हात जातो. जून-जुलै रडतखडत जातात, तळे अर्धे राहते, आणि परतीचा पाऊस एका रात्रीत ते काठोकाठ भरतो. सप्टेंबर २०२१ मध्ये मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, तशा पावसात लहान तळ्यांचा निभाव लागणे कठीण. बरीच वर्षे न भरलेला बांध त्या रात्री नव्या बांधासारखाच पहिल्यांदा पाणी पेलत असतो. म्हणून काळी माती भरावाच्या पोटात ठेवून वर मुरमाचे आवरण घालतात. नुसत्या काळ्या मातीचा बांध उभ्या उताराचा नसावा. पाण्याच्या बाजूला एकास तीन (उभे एक, आडवे तीन), मागच्या बाजूला एकास अडीच उतार दिलेला बरा.

दबाई ही दुसरी अडचण. पोकलेनने माती ओतायची आणि त्याच्याच साखळ्या वरून फिरवायच्या, ही रीत सर्रास आहे. वीतभर जाडीचे थर, मुठीत दाबल्यावर गोळा होईल इतकी ओल आणि प्रत्येक थरावर रोलर हे जमले नाही, तर भराव पुढे बसतो, तोही नाल्याच्या पात्रावर, जिथे उंची सर्वांत जास्त. माथा मधेच खचतो आणि डोळ्याला ते कळत नाही. गवंड्याची लेव्हलची नळी माथ्यावर धरली की कळते.

बांध फुटण्याचे मोठे कारण म्हणजे माथ्यावरून पाणी जाणे, आणि त्याचे मूळ सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर काढून देणाऱ्या वाटेत, असते. साधा हिशेब असा. २० हेक्टर पाणलोटावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातले ७० टक्के वाहून आले, तर सेकंदाला जवळपास दोन घनमीटर पाणी येते. सांडव्यावरून अर्धा मीटर जाडीची धार जाऊ द्यायची म्हटली, तर निदान साडेतीन मीटर रुंदी लागते. सांडव्याऐवजी टाकलेला एक फुटी पाइप वर मीटरभर पाणी असतानाही त्या दोन घनमीटरचा दहावा हिस्साच नेतो. सांडवा भरावात नव्हे, कडेच्या मूळ जमिनीत, मुरमात किंवा खडकात हवा, आणि त्याच्या तळापासून माथा मीटरभर तरी वर. फूटभर पाणी जास्त साठावे म्हणून सांडव्यात दगड नि वाळूची पोती रचणे हा मोह टंचाईतल्या माणसाचा आहे, समजण्यासारखा आहे; पण बांध जाण्याचा याहून खात्रीचा रस्ता नाही.

पाझर असतोच. पायथ्याशी नितळ पाणी येत असेल आणि ते वाढत नसेल, तर नजर ठेवावी. गढूळ पाणी म्हणजे भरावातली माती वाहून येते आहे, आतून बीळ होते आहे. ते चिखलाने बुजवू नये. पाणी दुसरीकडून वाट काढते. त्यावर आधी वाळू, मग खडी, वर दगड अशी उलटी गाळणी घालावी, म्हणजे पाणी निघते आणि माती अडते. सोबतच पंप लावून तळे उतरवायला घ्यावे, पण सावकाश. पाणी झपाट्याने उतरले की आतल्या बाजूचा ओला भराव घसरतो.

मराठवाड्यात पाझराचे पाणी धरायला बांधाच्या पायथ्यालाच विहीर खोदतात. उपसा सुरू झाला की पाण्याची ओढ वाढते आणि बारीक माती विहिरीकडे चालू लागते. गाळ काढतानाही जेसीबी आतल्या पायथ्याला भिडतो आणि पाणी अडवणारा चिकण थरच उचलून नेतो. भरावातून आडवा नेलेला मोटारीचा पाइप, मरून कुजलेल्या वेड्या बाभळीची मुळे, घुशींची बिळे हे पाण्याचे तयार रस्ते. २०१९ मध्ये कोकणातले तिवरे धरण फुटले, तेव्हा तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले आणि त्यांची थट्टा झाली. खेकडे पोखरतात हे खरेच. पण बीळ दिसल्यावर ते बुजवणारा कोणी असावा लागतो.

नुकसानीच्या जबाबदारीबाबत जुना दाखला मद्रास इलाख्यातला आहे. कार्वेटनगरच्या जमीनदाराची तळी फुटून रेल्वेचे नुकसान झाले. १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातले लंडनमधले सर्वोच्च अपील न्यायालय), निष्काळजीपणा नसल्याने, त्याला जबाबदार धरले नाही. इंग्लंडमध्ये १८६८ च्या रायलंड्स खटल्यात मात्र, खाजगी जलाशयाचे पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरल्यावर मालकाला भरपाई द्यावी लागली होती. फरक असा की जमीनदारावर ती तळी लोकांसाठी राखण्याचे कर्तव्य होते. आपल्याच बागेसाठी बांध घालणाऱ्याला त्या निकालाचा आडोसा तितकासा मिळेल असे नाही, आणि सांडव्यात पोती रचलेली असतील तर मुळीच नाही.